डंकबंदीच्या काळातले दोघे

ल्यू अल्सिंडर की बिल वॉल्टन? बास्केटबॉलवेड्या चार जणांत हा प्रश्न टाकून बघा, रात्र पुरत नाही. दोघंही लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे, दोघंही सेंटर, दोघांचा कोच एकच, जॉन वुडन. वुडनच्या संघाने १९६४ ते १९७५ दरम्यान १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातली ३ अल्सिंडरच्या काळातली, २ वॉल्टनच्या.

आकड्यांवर भांडायचं तर अल्सिंडर ८८ सामने जिंकला, २ हरला. वॉल्टन ८६ जिंकला, ४ हरला. संपलं? नाही. कारण मी मोबाइलवर १९७३च्या फायनलचं जुनं चित्रण पाहिलंय, आणि ते पाहिल्यापासून माझं मत डळमळलंय.

समोर मेम्फिस स्टेट. हाफटाइमला ३९-३९ बरोबरी. वॉल्टनने त्या रात्री २२ शॉट मारले, त्यातले २१ आत. एकूण ४४ गुण. साथीदार बॉल उंच फेकतोय, वॉल्टन हवेतच तो झेलतोय आणि रिंगमध्ये अलगद सोडून देतोय. सोडून देतोय, आदळत नाही. आज कुणीही तिथे दणकून डंक मारला असता. त्याला ती मुभाच नव्हती.

का नव्हती, त्याचं उत्तर अल्सिंडर आहे. १९६५ साली तो आला तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणून या नवख्यांचा सामना आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाशी लावला. मुख्य संघ म्हणजे सलग दोन वर्षांचे राष्ट्रविजेते! नवख्यांनी त्यांना ७५-६० हरवलं. पुढे १९६७ साली अल्सिंडरने पहिलं विजेतेपद मिळवलं आणि लगेच कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली. कारणं दुखापतींची आणि बोर्ड मोडण्याची दिली गेली. अल्सिंडरला मात्र त्यात वर्णद्वेष दिसला. मलाही निव्वळ योगायोग वाटत नाही.

बंदीने तो थांबला नाही. त्याने हूक शॉट घासूनपुसून असा केला की अडवणाऱ्याचा हातच पोचू नये. पुढची दोन्ही विजेतेपदं त्याने डंकशिवाय घेतली. म्हणजे वॉल्टनची ती देखणी रात्रही अल्सिंडरला आवरायला केलेल्या नियमातच घडली. नियम नसता तर कदाचित आपण ती विसरूनही गेलो असतो.

म्हणून माझं मत अल्सिंडरला. एका माणसासाठी खेळ बदलावा लागला, हे वॉल्टनच्या बाबतीत झालं नाही. शिवाय १९७४मध्ये नोत्र दामविरुद्ध शेवटच्या साडेतीन मिनिटांत ११ गुणांची आघाडी घालवून वॉल्टनच्या संघाने ८८ सलग विजयांची मालिका गमावली. हे मी मित्रांना मुद्दाम ऐकवतो.

मग ते १९७७ काढतात. तोवर कॉलेजमधली बंदी उठलेली, दोघंही एनबीएत, जिथे ती कधी नव्हतीच. अल्सिंडर आता करीम अब्दुल-जब्बार, त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. प्लेऑफमध्ये समोर वॉल्टनचा पोर्टलँड. मालिकेत गुण करीमचेच जास्त. निकाल: पोर्टलँड ४, लेकर्स ०.