नव शापेल : फ्रान्सच्या सपाट मुलखातील एक गाव

उत्तर फ्रान्समध्ये, लील या मोठ्या औद्योगिक शहरापासून नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर नव शापेल नावाचे एक लहानसे खेडे आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आत. विटांची घरे, एक चर्च, ग्रामपंचायतीची इमारत आणि चहूबाजूंना गहू, बटाटा व शर्कराकंदाची शेते. या भागातून जाणाऱ्या प्रवाशाला ते आसपासच्या डझनभर खेड्यांहून वेगळे दिसणार नाही. तरीही या गावाचे नाव भारतीय लष्कराच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे आणि त्या नोंदीतील एक धागा थेट पुण्याजवळच्या खडकीपर्यंत पोहोचतो.

'नव शापेल' या नावाचा अर्थ 'नवे प्रार्थनामंदिर'. फ्रेंचमधील 'नव' आणि आपल्या भाषेतील 'नव' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत, त्यामुळे गावाच्या नावाचा निम्मा भाग मराठी वाचकाला भाषांतरावाचूनच कळावा.

प्रशासकीय दृष्ट्या हे गाव पा-द-कॅले या जिल्ह्यात, बेथून या उपविभागात मोडते. २०१६ पासून हा जिल्हा 'ओ-द-फ्रान्स' या विस्तारित प्रांताचा भाग झाला आहे. नव शापेल हा एक 'कम्युन' आहे. कम्युन म्हणजे फ्रान्समधील स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर जुनी धर्मक्षेत्रे आणि नगरे यांच्या जागी ही व्यवस्था आली. आज फ्रान्समध्ये असे सुमारे ३५ हजार कम्युन आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायत आणि महानगरपालिका यांचे कायदे निरनिराळे आहेत. तिकडे मात्र शे-दीडशे वस्तीच्या पाड्यापासून मोठ्या शहरापर्यंत सर्वांना कम्युन हीच संज्ञा लागू होते आणि प्रत्येकाला स्वतःचा महापौर असतो. नागरिक नगरमंडळ निवडतात व मंडळ महापौर निवडते. मुदत सहा वर्षांची.

गावाचा भूगोल एका शब्दात सांगायचा तर सपाट. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम २० मीटर. उत्तरेकडे लीस नदीचे खोरे, दक्षिणेकडे आर्त्वाचा कोळसापट्टा आणि मध्ये ही चिकणमातीची ओलसर मैदाने. भूजल इतके वर की हिवाळ्यात हातभर खणले तरी खड्ड्यात पाणी उभे राहते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून शेतकऱ्यांनी शतकानुशतके चर खणून शेतांचे चौकोन पाडले आहेत. गावाच्या पूर्वेस एक लहानसा ओढा वाहतो आणि त्यापलीकडे 'ब्वा द्यु बिएझ' नावाची राई आहे. आणखी पूर्वेला ओबेरची टेकडी. तिला टेकडी म्हणणेही जरा धाडसाचेच, कारण ती भोवतालच्या मैदानापेक्षा फार तर १५ ते २० मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही. परंतु सपाट मुलखात पंधरा मीटरवरून दिसणारा टापू मोठा असतो आणि टेकडीच्या पलीकडे लील शहराकडे जाणारी कोरडी वाट होती. याच उंचवट्यासाठी पुढे हजारो माणसे मारली गेली.

या परिसराचा जुना इतिहास सीमावर्ती मुलखाचा आहे. फ्लांडर्स आणि आर्त्वा हे प्रदेश दीर्घकाळ स्पेनच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे होते. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला, तर लील चौदाव्या लुईने १६६७ मध्ये जिंकले व पुढील वर्षीच्या तहाने ते पक्के केले. म्हणजे शिवाजी महाराज अफझलखानाला सामोरे गेले त्याच सुमारास हा मुलूख फ्रेंच होऊ लागला. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जिल्हे आखले गेले. त्यानंतरचे शतक शेतीचे आणि शांततेचे गेले.

ही शांतता ऑक्टोबर १९१४ मध्ये संपली. जर्मन आणि दोस्त सैन्ये एकमेकांना वळसा घालण्याच्या प्रयत्नात उत्तरेकडे समुद्राच्या दिशेने सरकत होती आणि त्या ओघात ला बासे शहराभोवती घनघोर लढाई जुंपली. महिन्याच्या अखेरीस नव शापेल जर्मनांच्या हाती पडले. याच सुमारास मार्सेय बंदरात उतरलेले भारतीय सैन्य आघाडीवर पोहोचत होते. लाहोर आणि मीरत या दोन पायदळ डिव्हिजनांचे मिळून भारतीय कोअर बनले होते. जनरल विलकॉक्स त्याचे सेनापती होते. हे सैनिक आले तेव्हा त्यांच्याजवळ युरोपच्या हिवाळ्याला पुरे पडतील असे कपडे नव्हते आणि नव्या बनावटीच्या बंदुका त्यांच्या हाती ऐनवेळी देण्यात आल्या होत्या.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेल परत घेण्याची कामगिरी ४७ वी शीख पलटण आणि ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपनीवर सोपवण्यात आली. या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सचे मुख्यालय खडकीला होते. आज 'बॉम्बे सॅपर्स' या नावाने ओळखले जाणारे दल ते हेच. त्यात मराठे, शीख व मुसलमान शिपाई होते. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा तंत्रकुशल सैनिक. त्याला पायदळाप्रमाणे संगिनीच्या हल्ल्यात झोकणे हा लष्करी शहाणपणाचा नमुना खचितच नव्हता. पण माणसे कमी पडत होती आणि आघाडी तुटण्याच्या बेतात होती. उघड्या शेतांवरून सहा-सातशे मीटर धावत जाऊन या तुकड्या गावात शिरल्या. घराघरांतून, गल्ल्यांतून हातघाईची लढाई झाली आणि गावाचा मोठा भाग त्यांनी काबीज केला. मदत मात्र वेळेवर आली नाही. जर्मनांच्या प्रतिहल्ल्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. ४७ व्या शिखांच्या हल्ल्यात उतरलेल्या २८९ जणांपैकी ६८ परतले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सर्व ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. गाव जर्मनांकडेच राहिले.

यानंतर साडेचार महिन्यांनी आलेली लढाई इतिहासात 'नव शापेलची लढाई' म्हणून नोंदली गेली. पश्चिम आघाडीवर ब्रिटिशांनी स्वतः आखलेला हा पहिला मोठा नियोजित हल्ला होय. हेग यांच्या पहिल्या सैन्यातील चौथे कोअर आणि भारतीय कोअर यांच्यावर तो सोपवण्यात आला. तयारीत काही गोष्टी नवीन होत्या. विमानांतून शत्रूच्या खंदकांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून तपशीलवार नकाशे तयार करण्यात आले आणि तोफखान्याला ठरावीक वेळी ठरावीक लक्ष्यावर मारा करण्याचे वेळापत्रक नेमून देण्यात आले. पुढची साडेतीन वर्षे जे युद्ध चालले त्याची रीत इथे बसली, असे म्हणता येईल.

१० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसात वाजता तोफा सुरू झाल्या. ३५ मिनिटे भडिमार झाला. ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघाले. उजव्या बाजूस मीरत डिव्हिजनच्या गढवाल ब्रिगेडने आणि डाव्या बाजूस ब्रिटिश पलटणींनी एकाच वेळी चढाई केली. भूजलामुळे इथे खोल खंदक खणता येत नव्हते. जर्मन संरक्षणाची भिस्त जमिनीवर रचलेल्या मातीच्या भिंतींवर होती आणि तोफांनी त्या बऱ्याच ठिकाणी उडवून दिल्या. जेमतेम तासाभरात गाव दोस्तांच्या ताब्यात आले. परंतु अगदी उजवीकडे १/३९ वी गढवाल रायफल्स ही पलटण दिशा चुकून अशा भागावर गेली की जिथे तोफांचा मारा झालाच नव्हता. काटेरी तारा तशाच उभ्या होत्या. तिथे ही पलटण कापली गेली.

२/३९ व्या गढवाल रायफल्सचे शिपाई गबर सिंह नेगी हे बॉम्ब घेऊन जर्मन खंदकात शिरलेल्या तुकडीत होते. एकेका वळणावर शत्रूला मागे रेटत त्यांनी वाट मोकळी केली आणि याच लढाईत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. उत्तराखंडात टिहरी गढवालमधील चंबा येथे त्यांचे स्मारक असून तिथे त्यांच्या नावे दर वर्षी जत्रा भरते.

गाव मिळाले, पण टेकडी मिळाली नाही. पुढे काय करायचे याचे हुकूम मागील मुख्यालयांतून येईपर्यंत मोलाचे तास गेले. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटलेल्या, निरोपे मारले जात होते आणि तोपर्यंत जर्मनांनी ब्वा द्यु बिएझच्या राईसमोर नवी फळी उभारली. १२ मार्चच्या पहाटे त्यांनी जोराचा प्रतिहल्ला केला. तो मोठ्या हानीसह परतवला गेला. त्याच रात्री हेग यांनी चढाई थांबवली. हाती आला तो सुमारे साडेतीन किलोमीटर रुंद आणि जेमतेम किलोमीटरभर खोल असा जमिनीचा तुकडा. मृत, जखमी व बेपत्ता मिळून ब्रिटिश बाजूची हानी सुमारे ११,६०० होती व त्यांपैकी सुमारे ४,२०० भारतीय होते. जर्मनांचेही साधारण तितकेच नुकसान झाले. या लढाईत तोफगोळ्यांचा साठा संपत आल्याचे उघड झाले आणि त्यावरून इंग्लंडात एवढा गदारोळ उठला की मे १९१५ मध्ये अॅस्क्विथ यांना संमिश्र मंत्रिमंडळ बनवावे लागले व लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे नवे खाते आले.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवण्यात आले. मराठा पायदळाच्या प्रमुख पलटणी आधीपासून तिकडेच लढत होत्या. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पहिल्या महायुद्धाची आठवण निघाली की फ्रान्सपेक्षा बसरा आणि कूत यांची नावे अधिक ऐकू येतात त्याचे कारण हे. भारतीय घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये राहिले. लढवय्ये आणि श्रमिक दले मिळून सुमारे १ लाख ४० हजार भारतीय पश्चिम आघाडीवर येऊन गेले, असा हिशेब मांडला जातो.

गावाचे हाल इथे संपले नाहीत. पुढे या भागाची जबाबदारी पोर्तुगीज सैन्याकडे आली आणि ९ एप्रिल १९१८ रोजी लीसच्या लढाईत जर्मनांनी त्याच फळीवर प्रचंड हल्ला चढवला. पोर्तुगालने एका दिवसात सुमारे सात हजार माणसे गमावली. त्यांतले बहुतेक कैद झाले. गावाजवळच्या क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती तोफगोळ्यांनी हातपाय तुटून उरली होती. पोर्तुगीज सैनिकांची तिच्यावर श्रद्धा जडली. १९५८ मध्ये ती पोर्तुगालला नेण्यात आली आणि बाताल्या येथील मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी ठेवण्यात आली. युद्ध थांबले तेव्हा नव शापेलमध्ये उभे म्हणावे असे घर उरले नव्हते. आज दिसणारे गाव विसाच्या दशकात नव्याने बांधलेले आहे.

गावापासून थोड्या अंतरावर, ला बासेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील चौकात भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. युद्धकाळात ब्रिटिश सैनिक या चौकाला 'पोर्ट आर्थर' म्हणत. गंमत अशी, की स्मारक नव शापेलच्या नावाने जगभर ओळखले जात असले तरी त्याची जमीन शेजारच्या रिशबूर या कम्युनच्या हद्दीत येते. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा आहे. नवी दिल्लीतील सचिवालये आणि जुने संसद भवन ज्यांनी रचले तेच हे बेकर. स्मारकातील शिल्पकाम चार्ल्स व्हीलर यांचे. वर्तुळाकार आवार, त्याच्या एका अर्ध्या भागात दगडी जाळी आणि उरलेल्या भिंतीवर नावे. सुमारे १५ मीटर उंचीच्या स्तंभावर कमळ, मुकुट व तारा आहे आणि पायथ्याशी दोन दगडी वाघ बसलेले आहेत. देव एक असून विजय त्याचाच आहे, अशा आशयाचे वचन इंग्रजीसह अरबी, हिंदी व गुरुमुखी लिपींत कोरलेले आहे. ज्यांच्या थडग्याचा किंवा अस्थींचा पत्ता लागला नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे पलटणीनुसार येथे नोंदलेली आहेत.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी तत्कालीन भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांनी स्मारकाचे अनावरण केले. मार्शल फॉश, कपूरथळ्याचे महाराज आणि रुडयार्ड किपलिंग त्या वेळी हजर होते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांचा एकुलता मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या लोसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. आपल्या मुलाची कबर कुठे आहे हे त्यांना अखेरपर्यंत समजले नाही.

१९६४ मध्ये स्मारकात आणखी एक कांस्यपट बसवण्यात आला. जर्मनीत युद्धकैदी म्हणून मरण पावलेल्या व बर्लिनजवळ त्सेरेन्सडॉर्फ येथे पुरलेल्या २१० भारतीयांची नावे त्यावर आहेत. ती दफनभूमी तेव्हाच्या पूर्व जर्मनीत असल्याने तिची देखभाल करणे अशक्य झाले होते. दुसऱ्या महायुद्धातील काही भारतीय सैनिकांच्या दहनाची नोंदही येथेच आहे. रस्त्यापलीकडे पोर्तुगीजांची दफनभूमी असून तिच्यात १,८३१ थडगी आहेत.

लढाईच्या शताब्दी वर्षात, ११ एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्मारकाला भेट दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने बेल्जियम व फ्रान्समधील पहिल्या महायुद्धाची १३९ स्मृतिस्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांत या स्मारकाचा आणि समोरच्या पोर्तुगीज दफनभूमीचा समावेश आहे.

गावचे शेतकरी आजही दर हंगामात नांगरटीला सुरुवात करतात तेव्हा मातीतून गंजलेले तोफगोळे आणि काटेरी तारांचे तुकडे वर येतात. गोळा सापडला की त्याला हात न लावता प्रशासनाला कळवायचे, बॉम्ब निकामी करणारे पथक येऊन तो घेऊन जाईपर्यंत बाजूने नांगरत राहायचे, हा तिथला शंभर वर्षांचा शिरस्ता आहे.