श्रवण, वाचन आणि अधिकार : मराठी ख्रिस्ती शास्त्रवाचनाचा एक मागोवा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या वाङ्मयेतिहासात बहुधा भाषेच्या अंगाने झालेला आहे. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त केलेली मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांत हमखास येते, बाबा पदमनजींचे नाव ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या निमित्ताने घेतले जाते, रेव्हरंड टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. हे योग्यच आहे. परंतु ज्या ग्रंथाने या लेखकांना लिहिते केले, त्या बायबलचे वाचन त्यांच्या दृष्टीने कोणत्या प्रकारची क्रिया होती, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो न विचारल्यामुळे निदान एका ग्रंथाचे, पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचे, मूल्यमापन एकांगी राहते, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

शास्त्रवाचनाचे स्वरूप स्पष्ट करणारा एक प्रसंग नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत असतो. वाचतोस ते तुला समजते काय, असे फिलिप त्याला विचारतो. कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजावे, असे म्हणून तो फिलिपला रथात घेतो. येथे तीन गोष्टी एकत्र येतात : हातातला ग्रंथ, अर्थ कळण्याची निकड आणि अर्थ सांगणारा सोबती. श्रद्धावंत ख्रिस्ती मनुष्याची धारणा अशी, की या ग्रंथातून देव त्याच्याशी बोलत आहे. बोलणे कळले नाही तर उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देण्यातच श्रद्धेचा आरंभ आहे. म्हणून अर्थबोध ही येथे वाचनाची पहिली अट ठरते. ग्रंथ कोणाच्या हाती असावा आणि अर्थ कोणी सांगावा, हे प्रश्न मात्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने सुटले.

गोव्यात ते प्रथम श्रवणाच्या रूपाने सुटले. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या त्या काळात कॅथलिक पंथात लोकभाषेतील बायबल सामान्यांच्या हाती देण्यावर निर्बंध होते. स्टीफन्स यांनी म्हणूनच भाषांतराऐवजी जुन्या व नव्या करारातील कथा ओवीत सांगितली. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या मागणीत एका समाजाची भूक व्यक्त झालेली आहे. धर्म बदलला, पण ऐकण्याची सवय उरली होती आणि ऐकण्याजोगे काही नव्हते. पुढे हे पुराण रविवारी व सणावारी चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडण्याचा हुकूम काढला, तरीही ते हस्तलिखितांतून टिकले आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ते मंगळूर येथे पुन्हा प्रसिद्ध केले. श्रोत्यांना अर्थ कळत होता. ग्रंथ मात्र वाचणाऱ्याच्या हाती होता.

प्रॉटेस्टंट मिशनांनी तो श्रोत्याच्या हाती दिला. सेरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत निघाले; अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. आता एकट्याने, मुकाट्याने, समूहापासून दूर बसून शास्त्र वाचणे शक्य झाले. नारायण वामन टिळकांचा अनुभव या नव्या वाचनाचा नमुना होय. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती खुणा करीत वाचावयास घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना ती खाली ठेवता येईना. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. रथाच्या जागी आगगाडी आली होती. पण फिलिप मधल्या स्थानकावर उतरून गेला होता. अर्थनिर्णयाचा भार वाचकावर एकट्यावर पडला. घरात त्याची केवढी किंमत मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक मुळाशी जातो, कारण त्या स्वतः पुराणिकाच्या घरातल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी देवळांतून पुराणे वाचीत असे. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, मूळ संस्कृत श्रोत्यांना कळत नसे, ते समजावून देण्याचे बंधन पुराणिकावर नसे, आणि शब्द कानी पडल्यानेच पुण्य लाभते अशी समजूत असे. वडिलांनी रूढी मोडून त्यांना संस्कृत शिकविले, परंतु वेद शिकविले नाहीत. पुढे कलकत्त्यास धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना, इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारी ती शास्त्रे स्त्रीच्या अनधिकाराविषयी एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले.

याच शहरात त्यांना संस्कृत बायबल मिळाले. पण त्याची भाषा व विचार दोन्ही त्यांना परके वाटले. एवढ्या मोठ्या पंडितेला देववाणीतले बायबल उमगले नाही. त्यांना प्रथम धरून ठेवले ते सिल्चर येथे घरच्या पुस्तकांत सापडलेल्या बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाने. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अनधिकाराचा प्रश्न तेथे संपला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी १८८५ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची भूमिका ठाम आहे : धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्यास आपण बांधलेल्या नाही, शास्त्र स्वतः वाचून पटेल तेच मानू. एका पुरोहितवर्गाच्या मध्यस्थीतून सुटून दुसऱ्याच्या मध्यस्थीत जाणे त्यांना मान्य नव्हते. यात अहंकार पाहणारे तेव्हाही होते. परंतु ज्या स्त्रीला शास्त्राचा अधिकारच नाकारला गेला होता, तिने मिळालेला अधिकार पुन्हा दुसऱ्याच्या हवाली करावा, ही अपेक्षाच विपरीत होती.

केडगावचे भाषांतर या भूमिकेतून जन्मले. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी या कामास वाहिली. छपाईचे काम मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर पडला. हिंदू उपासनेचे व दर्शनांचे संस्कार असलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. नुकत्याच वाचू लागलेल्या स्त्रीला कळेल असे मराठी वापरण्याचा आणि त्याच वेळी मुळाशी अक्षरशः इमान राखण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ही दोन उद्दिष्टे नेहमी एकत्र नांदत नाहीत. ते मराठी अनेकदा खडबडीत लागते, हे मान्य केलेच पाहिजे. स्टीफन्स यांनी श्रोत्याच्या ओळखीची ओवी घेतली. रमाबाईंनी ओळखीचे पुष्कळ काही नाकारले, आणि त्यात मराठीची काही संपत्तीही वाया गेली.

तरी केवळ प्रासादिकतेच्या निकषावर या भाषांतराचा निकाल लावणे न्याय्य नाही. दुष्काळातून वाचलेली, अक्षरओळख नुकतीच झालेली एखादी स्त्री ग्रंथ स्वतः उघडून त्याचा अर्थ लावू शकते की नाही, ही त्याची खरी कसोटी होती. एकट्याचे वाचन चुकू शकते. रथातल्या अधिकाऱ्यालाही सोबती लागलाच. पण सोबत्याला बोलावण्याआधी ग्रंथ त्याच्या हाती होता, आणि आपल्याला कळत नाही हे त्याला कळले ते वाचल्यामुळेच. संस्कृत येणाऱ्या पुराणिकाच्या मुलीने आपले पांडित्य बाजूला ठेवून ज्या वाचकासाठी लिहिले, त्या वाचकाला आपल्या समीक्षेत अजून जागा करून द्यावयाची आहे.