बुऱ्हाणपूर: खवय्यांच्या नकाशावर न दिसणारे शहर

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे शहर भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर, भुसावळपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन येथेच झाले. पर्यटक इतिहासासाठी येतात. पण येथील खाणेही तितकेच वेगळे आहे.

काय खावे?

- मावा जिलेबी: मैद्याऐवजी मुख्यतः खव्याची. त्यामुळे ती जाड, मऊ आणि गडद तपकिरी असते, कुरकुरीत नसते. गरमच खावी. मुंबईत रमजानमध्ये मिळणारी ‘बुऱ्हाणपुरी जिलेबी’ ती हीच.
- मांडे: नाव ऐकून फसू नका. खानदेशातला खापरावरचा मांडा पुरणाचा. येथला मांडा म्हणजे रुमालासारखी मोठी, पातळ, बिनपुरणाची रोटी. ती रश्शाच्या मटणासोबत खातात. मुघल सैन्याला झटपट जेवण देण्यासाठी ती सुरू झाली, असे सांगितले जाते.
- दराबा: रवा, साखर आणि तूप भरपूर फेटून केलेली हलकी मिठाई. खानदेशातील दराब्याचे लाडू याच्याच जवळचे.

कधी जावे?

उन्हाळा कडक असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी शाही किल्ला पाहावा आणि संध्याकाळ बाजारासाठी राखून ठेवावी. दराबा घरी नेता येतो. जिलेबी मात्र तिथेच उभ्याने संपवावी.