दारूगोळ्यावरची तारीख : राजगडाचे कोठार ते पेंटबॉलचे खोके

पेंटबॉल म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग. आरंभी या गोळ्या जंगलातील झाडांवर आणि गुरांवर खूण करण्यासाठी वापरल्या जात. १९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांचा खेळ झाला. दमट हवेत गोळी फुगते, कोरड्या हवेत तडकते, फार दिवस एका कुशीवर पडून राहिली तर चपटी होते. अशी गोळी नळीतच फुटते. म्हणूनच जाणकार खेळाडू खोके हाती घेताच आधी उत्पादनाची तारीख पाहतो.

गोळी ताजी आहे की नाही, हा प्रश्न मात्र या खेळापेक्षा पुष्कळ जुना आहे. सह्याद्रीच्या पावसाळी माथ्यावर तो खेळाचा नव्हता, जिवाचा होता.

राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. वेल्हे तालुका आता याच गडाच्या नावाने ओळखला जातो. समोर तोरणा, पलीकडे भोरचा रोहिडा. चार महिने हे सारे डोंगर ढगांत बुडालेले. अशा ठिकाणी तोफेची दारू सांभाळणे हे सर्वांत अवघड काम. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. कोळसा हवेतील ओल शोषतो; सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यातील क्षारही पाणी ओढून घेतात. ओलसर दारू पेटत नाही, किंवा पेटली तरी नुसती फुसफुसते. गोळा शत्रूपर्यंत पोहोचतच नाही.

या अडचणीवरचा मराठ्यांचा उपाय लिखित स्वरूपात आपल्यापर्यंत आला आहे. शिवछत्रपतींपासून पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ ही राजनीती इ. स. १७१५ ची. तिच्या दुर्गप्रकरणात दारूखान्याचे नियम आहेत. दारूखाना वस्तीजवळ नको, वस्तीच्या वाऱ्याखाली तर नकोच. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण हवे. आत तळघर असावे, त्याला गच्ची करावी, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. बाण आणि होके (हातगोळ्यासारखी फेकण्याची अस्त्रे) निराळ्या दालनात. आणि मग सर्वांत महत्त्वाचा नियम : दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, सारा माल बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा.

या मुद्रेकडे नीट पाहिले पाहिजे. दारू केव्हा बनली, याच्या नोंदीचा या नियमात उल्लेख नाही. मडक्यावर नवी मुद्रा उमटायची ती तपासणीनंतर, आणि ती करायची हवालदाराच्या जबाबदारीवर. हा निष्काळजीपणा नव्हे. पदार्थाच्या स्वभावाशी तो अगदी सुसंगत आहे. कोरडी राहिलेली काळी दारू केवळ वय वाढले म्हणून बिघडत नाही. उलट कालच कुटलेली दारू एका पावसाळी रात्रीत निकामी होऊ शकते. तेव्हा जन्मतारीख विचारून उपयोग काय? शेवटचे ऊन केव्हा मिळाले, हेच विचारायला हवे.

आठ-पंधरा दिवसांची मुदतही विचारपूर्वक घातलेली दिसते. नुसती दमटलेली दारू उन्हाने सुधारते. पण तिला खरोखर पाणी लागले, तर सोरा विरघळून वेगळा होतो. मग कितीही वाळवले तरी मिश्रण पूर्ववत होत नाही, ते नव्यानेच करावे लागते. म्हणजे ओल आत मुरण्यापूर्वी तिला गाठणे एवढाच मार्ग उरतो. आषाढात राजगडावर पंधरवड्यात एकदा ऊन मिळवायचे कसे, हे आज्ञापत्र सांगत नाही! नियम लिहिणे एक आणि वेल्ह्याचा पाऊस दुसरा. पाऊस उघडल्यावरची पहिली वाळवण किती मोलाची असेल, हे युद्धाच्या दिनक्रमावरून कळते : औरंगजेबाने राजगडाला वेढा घातला तो डिसेंबर १७०३ मध्ये, फेब्रुवारी १७०४ मध्ये गड त्याच्या हाती गेला आणि मार्चमध्ये तोरणाही. पुढे हे दोन्ही गड भोरच्या पंतसचिवांकडे आले.

मग तारीख आली कुठून? त्यासाठी भोरहून पुण्याकडे, खडकीला जावे लागते. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर कारखान्याची खूण म्हणून ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आणि वर्षाचे दोन आकडे ठोकलेले आढळतात. संग्राहक आजही त्यावरून काडतूस ओळखतात. मधल्या काळात दारूच बदलली होती. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आले, आणि नायट्रोग्लिसरिन व नायट्रोसेल्युलोज यांपासून केलेला हा पदार्थ कोरडा ठेवला तरी आतून हळूहळू विघटित होत जातो. उष्ण हवामानात अधिकच वेगाने. येथे वय हाच शत्रू. शिवाय काडतूस बंद असते; ते उघडून, ऊन देऊन पुन्हा मुद्रा करण्याची सोय नाही. एकेका मडक्याची देखरेख करणाऱ्या हवालदाराची जागा धातूवर ठोकलेल्या दोन आकड्यांनी घेतली, ती अशी.

पेंटबॉलची अडचण या दोहोंच्या मधली आहे. त्याचा शत्रू राजगडाच्या दारूप्रमाणे ओलच. पण उपाय मात्र खडकीचा. जिलेटिनला ऊन देता येत नाही. उन्हात गोळी मऊ पडते आणि शेजारच्या गोळीला चिकटते.