रुडकीची खुर्ची आणि माझी एक सही



आज गोष्ट खुर्चीची. सत्तेच्या खुर्चीची नव्हे, तिच्यावर बोलायला बाकीचे चॅनेल पुष्कळ आहेत. ही साधी, चार पायांची, लाकडाची खुर्ची.

झालं असं की माझी भाची नोकरीनिमित्त रायपूरला आली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि मला म्हणाली, "मामा, टेबल आणि चार खुर्च्या घ्यायच्यात. सहा हजारांच्या वर एक रुपया नाही माझ्याकडे." मोबाईलवर तिनं काही चित्रं दाखवली. दिसायला झकास, पण आत सगळा दाबलेला भुसा. पहिल्या पावसाळ्यात फुगणारा. मी म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर चल.

आम्ही गुढियारीकडच्या एका कबाड्याकडे गेलो. इथे रायपुरात भंगारवाल्याला कबाडीच म्हणतात. पंख्यांची पाती, कूलरचे सांगाडे, आणि त्यामागे एकावर एक रचलेल्या खुर्च्या. वेत फाटलेला, वर भडक तपकिरी ऑइलपेंट. एक उचलली तर हाताला वजन लागलं. उलटी केली. बैठकीच्या खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात कुठल्यातरी कार्यालयाचा नंबर होता, अर्धा खरवडलेला.

तो नंबर बघून मला एकदम 1987 सालची एक सकाळ आठवली. त्या सकाळीकडे येतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

सैन्य आणि फर्निचर यांचं नातं जुनं आहे. ब्रिटिश काळात अधिकाऱ्याची बदली झाली की बैलगाडी, उंट नाहीतर हमाल, एवढीच वाहतूक. म्हणून त्यांचं सामान सुटं होणारं असायचं. खणांचं कपाट मधोमध दोन तुकड्यांत सुटायचं, पाय आट्यांचे, फिरवून काढता येणारे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आणि मुठी लाकडात बसवलेल्या, म्हणजे वाटेत कशात अडकायला नकोत. सुरुवातीला हे सामान लंडनहून यायचं. मग आपल्याकडच्या सुतारांनी ते बघून सागात तसंच बनवायला घेतलं.

बदली झाली, मायदेशी परत जायचं ठरलं किंवा माणूस गेला, की सामान लिलावात. लिलाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'लेलाँव'वरून आपल्याकडे आला. बिजागरीही त्यांचीच. मेलेल्या अधिकाऱ्याचं सामान छावणीतच विकलं जायचं आणि सोबती अनेकदा मुद्दाम चढ्या भावानं घ्यायचे, कारण पैसे घरच्यांना जाणार. आजही आपल्याकडे 1950 चा कायदा आहे आणि त्याखाली 'कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट' बसते. मी अशा एका कमिटीवर होतो. त्याबद्दल आज बोलत नाही.

तर, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी एक खुर्ची आली. तिचं नाव रुडकी चेअर. रुडकी म्हणजे बंगाल सॅपर्सचं, सैन्यातल्या इंजिनिअरांचं ठाणं, 1853 पासून. ही खुर्ची म्हणजे काय? खरादावर कातलेले चार पाय, त्यांना जोडणारे चार आडवे दांडे, बैठकीला आणि पाठीला कॅनव्हास, हातांच्या जागी चामड्याचे पट्टे. दांड्याची टोकं निमुळती, पायातली भोकंही तशीच निमुळती. सरस नाही, खिळा नाही. माणूस बसला की त्याच्याच वजनानं सांधे आवळले जातात. जमीन उंचसखल असली तरी प्रत्येक पाय आपापला टेकतो. उठलात की सगळं सुटं करा, कॅनव्हासमध्ये गुंडाळा, चला. दांडा मोडला तर गावातला कुठलाही सुतार तासाभरात दुसरा करून देईल.

बोअर युद्धात ती आफ्रिकेत गेली. शिकाऱ्यांच्या तंबूंत गेली. 1933 मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी तिच्यावरून आपली 'सफारी चेअर' केली. त्याआधी, 1928 मध्ये, पॅरिसमध्ये तिघांनी मिळून पोलादी नळ्यांची एक खुर्ची काढली होती. पाठ झुलती, हातांना चामड्याचे पट्टे. जाणकार तिच्यात रुडकीचीच सावली बघतात, आणि फोटो शेजारी ठेवलेत तर तुम्हालाही दिसेल. ते तिघं म्हणजे ल कॉर्बुझिए, शार्लोत पेरियाँ आणि पिएर जानरे.

यातलं जानरे हे नाव लक्षात ठेवा. ल कॉर्बुझिए यांचा हा चुलतभाऊ. 1951 मध्ये तो भारतात आला, चंदीगड बांधायला. मोठा भाऊ वर्षातून दोनदा यायचा आणि जायचा. जानरे मात्र 1965 पर्यंत तिथेच राहिला. ज्या रुडकीच्या खुर्चीची सावली पॅरिसपर्यंत पोचली, त्या रुडकीपासून हा माणूस दोनशे किलोमीटरच्या आत येऊन बसला. हे त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

नवं शहर, नवी कार्यालयं, हजारो खुर्च्या हव्यात आणि तिजोरीत पैसा बेताचा. जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, त्यात युली चौधरीही होत्या, आपल्याकडे मिळतं ते घेतलं. साग, शिसव, वेत आणि पंजाबातले सुतार. पाय उलट्या व्ही अक्षरासारखे. जाड लाकूड, कारण सरकारी खुर्ची रोज ओढली-ढकलली जाते. नक्षी नाही. कारकून, न्यायाधीश, विद्यार्थी सगळे थोड्याफार फरकानं त्याच जातीच्या खुर्चीवर. जानरे 1967 मध्ये जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे 1970 मध्ये त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली.

आणि खुर्च्या? वेत फाटला, कोणी विणून घेतला नाही. नव्या साहेबांना फोमच्या, चाकांच्या खुर्च्या हव्या होत्या. जुन्या गच्चीवर गेल्या, जिन्याखाली गेल्या, पावसात ढीग लागले. मग लिलाव, आणि तोही भंगाराच्या भावानं. साधारण 2000 च्या आगेमागे फ्रान्सचे व्यापारी आले, ढीगच्या ढीग उचलले, पॅरिसला नेले, वेत विणला, पॉलिश केलं आणि ज्यांना मोल कळतं अशांना विकले. पुढे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांत गेली. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं या वस्तू विकायला बंदी केली. घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप म्हणतात ते हेच. एमी सीगल नावाच्या अमेरिकन कलावतीनं 2013 मध्ये यावर एक फिल्म केली. ती उलटी चालते, म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सुरू होऊन चंदीगडच्या कचेरीपर्यंत मागे येते. नंतर तिनं ती फिल्मसुद्धा लिलावातच विकली. मला हे फार आवडलं.

आता 1987. मी कॅप्टन होतो, उत्तरेतल्या एका छावणीत. सैन्यात कुठलीही वस्तू रद्द करायची तर तीन जणांचा बोर्ड बसतो. मी अध्यक्ष. समोर चाळीसेक सागवानी खुर्च्या, वेत फाटलेले, काहींचे सांधे खिळखिळे. आमच्यातल्या म्हाताऱ्या सुभेदारसाहेबांनी एक खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी पिळून बघितली आणि म्हणाले, "साब, लकडी तो जवान है." मला दुपारी हॉकीची मॅच होती. मी फॉर्मवर 'दुरुस्तीपलीकडे' लिहिलं आणि सही केली. नियमात बसत होतं, कोणी बोट ठेवणार नव्हतं. काही खुर्च्या लिलावात गेल्या, बाकी तोडून जळणात. डिसेंबरात त्यांचीच शेकोटी झाली आणि मी तिच्यावर हात शेकले. सागाला जळताना वास छान येतो.

त्या चंदीगडच्या वगैरे नव्हत्या, माझा तसा भ्रम नाही. पण प्रत्येकी दोन दिवसांचं काम होतं आणि अजून पन्नास वर्षं चालल्या असत्या. गंमत बघा, त्याच काळात आमच्या क्वार्टरमध्ये सोफा म्हणून काय होतं? सामानाचे दोन लाकडी पेटारे, वर गादी, त्यावर चादर. फौजेतल्या प्रत्येक बायकोला ही कला येते. म्हणजे घरी पेटाऱ्याचा दिवाण आणि कचेरीत सागाची शेकोटी, असा मी कारभार केला.

आता परत गुढियारीला. तिथे भाचीला दाखवलं तेच तुम्हाला सांगतो.

खुर्ची आधी उलटी करायची. वरचा रंग खोटं बोलतो, खालची बाजू नाही. लपलेल्या जागी किल्लीनं थोडं खरवडायचं. सागाचा सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट वास लगेच कळतो. बारीक गोल भोकं दिसली तर खुर्ची आपटून बघायची. ताजं पिठासारखं काही गळलं तर आत किडा जिवंत आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. फिकट रंगाचं बाहेरचं लाकूड त्याला आवडतं, आतला गाभा सहसा नाही. मग सुभेदारसाहेबांसारखी पिळायची. सांधा हलला तर उलट बरं. जुन्या खुर्चीत कुसू खाचेत बसवून सरसानं चिकटवलेला असतो, आणि सरस गरम पाण्यानं सुटतो. म्हणजे ती खुर्ची पुन्हा उघडता येते. आजचे गोंद उघडू देत नाहीत.

मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवतात? त्या घराण्याची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेटची, 1859 ची. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. हॉटेलं बंद झाली आणि त्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आल्या. तिथून घेऊन स्क्रू आवळा आणि बसा. रुडकीचंच तत्त्व.

आम्हाला चार खुर्च्या मिळाल्या साडेतीनशेनं, टेबल नऊशेला. सुतार एका दिवसाचे नऊशे घेऊन घरी आला. त्यानं मोगरीनं हलके ठोके मारत एक खुर्ची सुटी केली, कुसूवरचा जुना सरस खरवडला, सैल जागी पाचर बसवली आणि मला म्हणाला, "लकडी बने हे, साहेब." छत्तीसगढीत 'बने' म्हणजे चांगलं. पस्तीस वर्षांनी मला तेच वाक्य दुसऱ्या भाषेत ऐकू आलं. मी काही बोललो नाही, चहा सांगायला आत गेलो.

वेत विणायला खुर्चीमागे साडेचारशे लागले. देशभरातल्या अंधशाळांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जायचं, सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्याकडे विणायला जायच्या. डोळ्यांनी नाही, बोटांनी करायचं काम आहे ते. वेत भिजवून ओला विणतात आणि वाळला की तो आपोआप ताणून बसतो. प्लास्टिकचा वेत स्वस्त पडतो, पण उन्हाळ्यात पाठीला घाम येतो. रायपूरचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको.

आणि पॉलिश. इथे आपण नशीबवान आहोत. लाख पिकवण्यात छत्तीसगड देशात पुढच्या रांगेत आहे. कुसुम, पळस, बोर या झाडांवर लाखेचा किडा वाढतो, त्यातून चपडा होतो. युरोपात ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणून मिरवतात, ते आपल्या जंगलातल्या किड्याचं देणं. चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा, त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि हात थांबू न देता पातळ थर चढवायचे. ऑइलपेंट काचकागदानं काढायला मात्र भाचीचे दोन रविवार गेले आणि माझा खांदा. टेबलावर लाखेचं पॉलिश टिकत नाही, गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. तिथे नुसतं तेल चोळलं.

हिशोब: खुर्च्या 1400, टेबल 900, वेत 1800, सुतार 900, स्पिरिट-चपडा-काचकागद 600, टेम्पो 300. एकूण 5900. उरलेल्या शंभराची जिलबी आली.

एका बाबतीत आमचं वाजलं. भाचीला खालचा तो पांढरा नंबर घासून टाकायचा होता. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मामा, खालचा नंबर कोण बघणार आहे?" शेवटी तीन खुर्च्यांचा घासला, एकीचा ठेवला. ती एक खुर्ची आता माझ्या व्हरांड्यात आहे. बदल्यात मी तिला माझा जुना स्टूल दिला.