भारत-नेपाळ मुक्त संचार आणि ओळखपत्राचा नियम

भारत व नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे झालेल्या शांतता व मैत्रीच्या कराराच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकांस दुसऱ्या देशात निवास, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत परस्परतेच्या तत्त्वावर समान सवलती दिल्या. या कलमात पारपत्राचा उल्लेख नाही. सरहद्दीच्या दोन्ही अंगांस सोयरीक असलेल्या मैथिली व भोजपुरी भाषकांचे येणेजाणे तर त्यापूर्वीपासूनच चालू होते.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेल्या विमानाचे अपहरण झाले. पुढे ऑक्टोबर २००० पासून उभय देशांमधील विमानप्रवासात भारतीय नागरिकांस पारपत्र किंवा मतदार-ओळखपत्र बाळगणे आवश्यक झाले. १५ वर्षांखालील व ६५ वर्षांवरील प्रवाशांपुरती अन्य छायाचित्रयुक्त ओळखपत्रांची सवलत ठेवण्यात आली.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. मतदार-ओळखपत्र हे मुळात प्रवासाचे साधन नव्हे. तरीही ते पारपत्राच्या पंक्तीस बसले. कारण विचारावयाचे होते ते ‘जाण्याची अनुज्ञा आहे काय’ हे नव्हे, तर ‘प्रवासी कोण’ हे. संचाराचा हक्क कायम राहिला. तो आपला आहे हे दाखविण्याचा भार मात्र प्रवाशाकडे आला. ज्याच्यापाशी यांपैकी कोणताच कागद नाही, त्याला कराराने दिलेला हक्क विमानतळावर उपयोगी पडत नाही.