योसेफाचे आख्यान

आमच्या पाटण तालुक्यात, चाफळला, समर्थांनी राममंदिर उभारले आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनाची लक्षणे सांगून ठेवली. तेव्हा या मुलखात कीर्तन म्हणजे रामकथा किंवा कृष्णकथा हे इतके गृहीत असते, की घाटाखाली कोकणातल्या एका समाजात अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्यानेही साक्या-दिंड्यांतून रंगली, असे कोणी सांगितल्यास ऐकणारा त्याच्याकडे अंमळ संशयानेच पाहतो.

ही आख्याने बेने इस्राएल या यहुदी समाजाची. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपले कूळ सांगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला आणि किहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. हिब्रू प्रार्थनांचा अर्थ मात्र पुष्कळांना, त्यातही बायकामुलांना, उमगत नसे. पुढे डॉ. विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले, आणि जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत उतरविले. मजकूर असा तयार झाला. तो सभेपुढे रसाळपणे मांडण्याची रीत १८८० च्या सुमारास या समाजातील काही हौशी मंडळींनी हरिदासांकडून उचलली.

उचलली ती सांगाड्यासकट. आरंभी नमन, मग निरूपण, पुढे आख्यान, आणि वाटेत आर्या, ओवी, साकी, दिंडी. देवदेवतांचे स्तवन तेवढे गळाले आणि त्या जागी एकमेव जगत्कर्त्याचे नमन आले. सावत्र भाऊ योसेफाला वीस रुप्याच्या नाण्यांना विकतात, त्या प्रसंगी साकी किती करुण होत असेल, हे ध्रुवाख्यान ऐकत वाढलेल्यांना निराळे सांगावयास नको.

अन्यत्र यहुद्यांचे शेजाऱ्यांच्या संगीताशी नाते निराळे दिसते. इस्तंबूलात तंबुरी इझाक हा यहुदी उस्ताद सुलतान तिसऱ्या सलीमास तंबूर शिकवी, आणि ब्यूनॉस आयर्समध्ये यहुदी वादकांचे व्हायोलिन टँगोच्या ताफ्यांत मिसळले. तेथे यहुद्यांनी शेजाऱ्यांच्या संगीतात भर घातली, येथे शेजाऱ्यांचे संगीत त्यांनी आपल्या धर्मकथेस जोडून घेतले. (अर्थात एदिर्नेच्या यहुदी गायकांनीही मेव्हलेवी दरवेशांशी संबंध राखून तुर्की मकामांत हिब्रू स्तोत्रे गाइली होती, म्हणून ही विभागणी फार ताणू नये.)

१९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलात गेली. कीर्तनाचा वारसा उत्तरोत्तर स्त्रियांकडे आला. हिब्रू कळत नसे म्हणून ज्यांच्यासाठी ही कथा मराठीत आणावी लागली होती, त्यांच्याच लेकीसुनांनी हिब्रूच्या राज्यात ही मराठी पदे कंठी धरली.